सव्वातीन मिलिमीटरचा कारभार

गोल्फचे मैदान सांभाळणाऱ्या मुख्य माणसाला अमेरिकेत गोल्फ कोर्स सुपरिंटेंडंट म्हणतात. अठरा होलांच्या मैदानात त्याच्या ताब्यात दीडशे एकरांच्या आसपास जमीन, जमिनीखालून गेलेले नळांचे जाळे, मोटारीच्या किमतीची गवत कापायची यंत्रे आणि पहाटे पाचला कामावर येणारी (किंवा न येणारी) माणसे असतात. तो स्वतः क्लबच्या ग्रीन कमिटीच्या ताब्यात असतो. कमिटीत एक दंतवैद्य, एक वकील, एक विम्याचे काम करणारे गृहस्थ आणि बंगल्यापुढे स्वतःची हिरवळ असलेले एक गृहस्थ, अशी रचना सर्वसाधारणपणे आढळते. पहिले तिघे निरुपद्रवी असतात. चौथ्यांनी मागच्या उन्हाळ्यात पोतेभर खत टाकून हिरवळ वाढवलेली असते, त्यामुळे त्यांना विषय कळतो.

सुपरिंटेंडंट ही जमात अस्तित्वात येण्यापूर्वी हे काम मेंढ्या करत. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या माळांवर त्या गवत खुरटे ठेवत, वारा सुटला की आडोसा धरून बसत, आणि त्या बसण्याने पडलेल्या खळग्यांनाच पुढे बंकर म्हणून मान मिळाला असे सांगतात. मेंढीला पगार नव्हता, तिच्यावर कमिटी नव्हती आणि खत ती जागच्या जागी देत असे. जनावरांच्या भरवशावर मैदान सोडण्याचा प्रयोग नंतरही झाला. दुसऱ्या महायुद्धात जॉर्जियातले ऑगस्टा नॅशनल बंद होते तेव्हा तिथे गुरे आणि टर्की पाळण्यात आल्या. गुरांनी गवत खाल्ले आणि पाठोपाठ अझेलियाची झुडपेही खाल्ली. कमिटीने नेमलेल्या माणसाकडून हे झाले असते तर त्याला त्याच दिवशी नारळ मिळाला असता.

सेंट अँड्र्यूज गावात प्रश्न सशांचा होता. गाव कर्जात बुडाले, म्हणून १७९७ मध्ये गोल्फची जमीन सशांचा धंदा करणाऱ्यांच्या हाती गेली. ससे बिळे पाडू लागले, गोल्फवाले ससे मारू लागले, आणि प्रकरण कोर्टात जाऊन तिथे भरपूर दिवस राहिले. जेम्स चीप नावाच्या जमीनदाराने १८२१ मध्ये जागा विकत घेतली तेव्हा तंटा मिटला. त्याच वर्षी त्याच गावात टॉम मॉरिसचा जन्म झाला. ससे गेले आणि सुपरिंटेंडंट आला, असा हा योग.

ओल्ड टॉम म्हणून ओळखला जाणारा हा गृहस्थ चार वेळा ओपन स्पर्धा जिंकला, पण या व्यवसायात त्याला मान आहे तो वाळूमुळे. सेंट अँड्र्यूजने १८६४ मध्ये त्याला मैदान राखायला नेमले, तेव्हा त्याच्या हवाली एक हातगाडी आणि फावडी करण्यात आली. यंत्रसामग्रीची यादी इथे संपते. हातगाडीतली वाळू एकदा चुकून ग्रीनवर सांडली, तिथले गवत आधीपेक्षा जोमाने उगवले आणि तेव्हापासून टॉमने प्रत्येक दुखण्यावर वाळूचा उतारा दिला, अशी आख्यायिका आहे. रविवारी तो मैदान बंद ठेवी. खेळाडूंना विश्रांती नको असली तरी गवताला हवी, असे त्याचे म्हणणे होते. ओल्ड कोर्सवर आजही सहसा रविवारी खेळ नसतो. गावकरी तिथे कुत्री घेऊन फिरतात. अमेरिकेतल्या क्लबात गवताच्या सुटीचा वार सोमवार मानतात, आणि म्हणूनच सोमवारी एखाद्या कंपनीच्या दीडशे पाहुण्यांची स्पर्धा ठेवता येते.

"सोमवारी मैदान रिकामंच असतं ना?" कमिटी विचारते.

"हो, त्या दिवशी आम्ही दुरुस्तीची कामं करतो."

"मग करा की. ते खेळतील, तुम्ही काम करा. कोणी कोणाला अडवलंय?"

गवत कापायचे यंत्र १८३० मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंगने काढले. कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणारे यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. शेजाऱ्यांनी वेडा ठरवू नये म्हणून त्याने हे यंत्र रात्रीच्या अंधारात तपासले, अशीही कथा आहे. अंधारात काम करण्याची ही परंपरा पुढे किती उपयोगी पडली ते झाडांच्या संदर्भात येईल.

सुपरिंटेंडंट मंडळींची संघटना १९२६ मध्ये ओहायोतल्या टोलेडो इथे स्थापन झाली. पहिले अध्यक्ष कर्नल जॉन मॉर्ली. संघटनेच्या नावात तेव्हा साधा 'ग्रीनकीपर' होता. १९३८ मध्ये त्याचा 'ग्रीनकीपिंग सुपरिंटेंडंट' झाला, १९५१ मध्ये 'गोल्फ कोर्स सुपरिंटेंडंट' झाला, आणि अलीकडे मोठ्या क्लबांत त्याच खुर्चीवर 'डायरेक्टर ऑफ अ‍ॅग्रॉनॉमी' बसतो. पदवी वाढत गेली तशी गवताची उंची कमी होत गेली, हा योगायोग असावा.

ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचा तो गुळगुळीत तुकडा, ज्यावर चेंडू हलकेच ढकलायचा असतो. तिथले गवत साधारण सव्वातीन मिलिमीटर उंचीवर, काही ठिकाणी त्याहूनही खाली, कापतात. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की जेवढी जाडी होते, जवळपास तेवढेच. एवढ्याशा पात्याला उन्हातून अन्न करायला जागा उरत नाही, मुळे आखडतात, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती वनस्पती सतत उपोषणाला बसलेली असते. तिने या अवस्थेत हिरवेगार दिसावे, दाट वाढावे, पण वाढून उंच होऊ नये, आणि तिच्यावरून दिवसाला दोनशे माणसे चालून गेली तरी प्रसन्न राहावे, अशी अपेक्षा आहे. याच अपेक्षा माणसाकडून केल्या तर कामगार आयुक्त दखल घेतात.

अमेरिकेच्या उष्ण दक्षिण भागात ग्रीनवर बर्म्युडा गवत लावतात. हे बर्म्युडा म्हणजे महाराष्ट्रातली हरळी, अर्थात दूर्वा. विदर्भापासून कोल्हापूरपर्यंतच्या शेतकऱ्यांच्या पिढ्या जिला उपटता उपटता वाकल्या, ती हीच. जॉर्जियातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने तिचा आफ्रिकेतल्या बहिणीशी संकर घडवून गोल्फसाठी खास वाण तयार केले. १९५६ मध्ये टिफग्रीन आले, १९६५ मध्ये टिफड्वार्फ. उसाच्या सरीत तणनाशक पिऊनही जी आठवड्यात पुन्हा डोके वर काढते, तीच हरळी क्लबात आली की सावली सोसत नाही, थंडी सोसत नाही, आणि दिवसाआड वेगळ्या द्रावणाची फवारणी मागते. मोठ्या घरी गेल्यावर तब्येत नाजूक होणे वनस्पतींतही आढळते. पहिल्या कडक थंडीत ती पिवळी पडून झोपी जाते, तेव्हा बरेच क्लब तिच्यावर चक्क हिरवा रंग फवारतात. गणपतीला एकवीस जुड्या वाहणाऱ्याने त्या जुड्या रंगवून आणल्या तर गुरुजी काय म्हणतील याचा विचार न केलेला बरा.

उपाशी गवताला रोग लवकर धरतात. उकाड्याच्या दमट रात्री पिथियम नावाचे दुखणे पसरते. संध्याकाळी हिरवा सोडलेला तुकडा सकाळी तेलकट काळपट होऊन आडवा पडलेला सापडतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये सुपरिंटेंडंट रात्री तीनला उठून खिडकीबाहेर हात काढून हवा चाचपतो. घरच्या मंडळींना याची सवय असते. दुसरा नेहमीचा पाहुणा म्हणजे डॉलर स्पॉट. जुन्या चांदीच्या डॉलरएवढे वाळके ठिपके पडतात म्हणून हे नाव. शास्त्रीय नाव १९३७ पासून स्क्लेरोटिनिया होमिओकार्पा असे चालत होते. ते वर्गीकरण चुकीचे आहे हे तज्ज्ञांना कित्येक वर्षे ठाऊक होते, आणि अखेर २०१८ मध्ये बुरशीचे नाव क्लॅरिरीडिया ठेवण्यात आले. त्यावर व्याख्याने झाली, लेख आले, लोकांनी टिपणे काढली. बुरशीने आपल्या कामात खंड पडू दिला नाही.

रोगाहून अवघड असतो तो आकडा. १९३५ ची अमेरिकन ओपन पेनसिल्व्हेनियातल्या ओकमाँट इथे झाली. जीन सॅराझेन या खेळाडूचा हलका फटका ग्रीनवरून घरंगळत थेट बंकरमध्ये गेला. हे पाहून एडवर्ड स्टिम्पसन या हौशी खेळाडूने ग्रीनचा वेग मोजायची एक लाकडी पट्टी बनवली. चाळीस वर्षे तिच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. १९७६ मध्ये अमेरिकन गोल्फ संघटनेने ती सुधारून अ‍ॅल्युमिनियमची केली आणि दोन वर्षांत सुपरिंटेंडंटांच्या हाती दिली. ३६ इंच लांब, मधे पन्हळ, एका टोकाजवळ खाच. खाचेत चेंडू ठेवायचा, टोक हळूहळू उचलायचे, चेंडू सुटतो आणि ग्रीनवर जितके फूट जातो तितका त्या ग्रीनचा वेग. अठराही ग्रीन सारखे आहेत की नाहीत हे कळावे, एवढाच हेतू. देशभर मोजले तेव्हा सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास निघाली आणि त्या साडेसहा फुटांवर लोक सुखाने खेळत होते.

मग आकडा क्लबच्या बारमध्ये पोचला.

"आमच्याकडे नऊ आहे," एकाने सांगितले.

"आमच्याकडे दहा," दुसऱ्याने सांगितले.

पुढच्या सोमवारी कमिटीची तातडीची बैठक झाली आणि अकरा ठरला. गवताला बैठकीचे निमंत्रण नव्हते. मोठ्या स्पर्धांत तेराच्या पुढे जाणे हा आता शिरस्ता आहे. त्याची हद्द २००४ मध्ये शिनेकॉक हिल्स मैदानाच्या सातव्या ग्रीनने दाखवली. अमेरिकन ओपनच्या शेवटच्या दिवशी त्या ग्रीनवर चेंडू ठरेचना, तेव्हा जोड्यांच्या मध्ये नळी घेऊन पाणी मारावे लागले. जगातले उत्तम खेळाडू एका बाजूला हात बांधून उभे आणि ग्रीनला पाणी पाजणे चालू, असे दृश्य पाहायला मिळाले.

रोज सकाळी फळ्यावर आकडा लिहिण्याची प्रथा अनेक क्लबांत आहे.

"आज किती?"

"दहा."

"उगाच. कालपेक्षा ढिम्म आहेत."

दहा मिनिटांनी दुसरे सभासद येतात.

"आज किती?"

"दहा."

"काहीतरीच काय! चेंडू थांबायलाच तयार नाही."

मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या गवततज्ज्ञांनी खेळाडूंची परीक्षा घेतली, तेव्हा सहा इंचांपेक्षा कमी फरक बहुतेकांना ओळखता येत नाही, ते अंदाज ठोकतात, असे आढळले. म्हणजे फळ्यावरचा आकडा खडूने अर्ध्या फुटाने वाढवला तर गवताच्या केसालाही धक्का न लावता ग्रीन वेगवान होऊ शकतात. हा उपाय कोणत्याही पाठ्यपुस्तकात दिलेला नाही. वापरात नसेलच असे नाही. याच सदरात आणखी एक नोंद करण्याजोगी बाब म्हणजे भोकाची जागा. सव्वाचार इंच व्यासाचे हे भोक रोज पहाटे नव्या जागी पाडतात आणि जुने बुजवतात. त्यात चेंडू गेला की ते खेळाडूचे कौशल्य. नाही गेला की, "आज भोक कोणी पाडलंय?"

झाड हा सभासदांचा हळवा विषय. झाडाच्या सावलीत आणि मुळांच्या स्पर्धेत ग्रीन सुकतो, हे सुपरिंटेंडंट पहिल्या वर्षापासून सांगतो. पण ते झाड कोण्या माजी अध्यक्षांच्या स्मरणार्थ लावलेले असते, किंवा दुसऱ्या माजी अध्यक्षांचा चेंडू त्यावर आदळून सुदैवाने फेअरवेवर परत आलेला असतो. ऑगस्टाच्या सतराव्या होलवर एक पाइन होता. तो अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचे चेंडू इतक्या नेमाने अडवी, की १९५६ च्या क्लबच्या बैठकीत त्यांनी झाड तोडण्याची सूचना मांडली. क्लबचे प्रमुख क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी सूचना नियमबाह्य ठरवली आणि बैठकच संपवली. नॉर्मंडीवर फौजा उतरवणाऱ्या माणसाला एक झाड हलवता आले नाही. पुढे झाडालाच आयझेनहॉवरचे नाव पडले. ते झाड गेले २०१४ च्या फेब्रुवारीत, बर्फाच्या वादळात, कमिटीला न विचारता.

ओकमाँटने निराळा मार्ग काढला. मूळ मैदान उघडेबोडके होते. नंतरच्या पिढ्यांनी हौसेने हजारो झाडे लावून त्याचे उपवन केले. ती काढली पाहिजेत असे १९९० च्या दशकात कारभाऱ्यांच्या मनाने घेतले. सभासदांना विचारले तर काय होईल हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून मैदानावरची माणसे भल्या पहाटे अंधारात येत, झाडे पाडत, ओंडके आणि भुसा उचलून नेत, बुंध्याच्या जागी हिरवळ अंथरत आणि उजाडायच्या आत सारे जिथल्या तिथे. सभासद दिवसभर त्यावरून खेळून जात. शेकडो झाडे नाहीशी होईपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. लक्षात आल्यावर मात्र क्लबात उभी फूट पडली. त्या झाडांवर जिवापाड प्रेम असल्याचे अनेकांनी सांगितले. कोणती झाडे, हे सांगणे थोडे अवघड गेले.

दरवर्षी एप्रिलमध्ये या व्यवसायावर ऑगस्टाची साथ येते. तिथली मास्टर्स स्पर्धा चार दिवस टीव्हीवर दिसते आणि पाचव्या दिवशी सकाळी सभासद सुपरिंटेंडंटच्या कचेरीच्या दारात उभे असतात. मिनेसोटात तेव्हा बर्फाचे शेवटचे ढीग वितळत असतात.

"आपलं मैदान तसं का दिसत नाही?"

"ते लोक ग्रीनच्या खाली पंखे बसवून पाणी ओढून घेतात."

"मग आपणही बसवू. किती खर्च येतो?"

सुपरिंटेंडंट खर्च सांगतो. विषय बदलतो.

"पैशाशिवाय काही करता नाही का येणार?"

"येईल. ते उन्हाळ्यात मे ते ऑक्टोबर मैदान बंद ठेवतात. आपणही ठेवू."

"विनोद पुरे झाला," असे म्हणून सभासद खेळायला जातात.

वर्षातून एकदोनदा ग्रीनला भोके पाडावी लागतात. पायांनी दाबून घट्ट झालेल्या मातीत पोकळ सुया घुसवून बोटाएवढ्या गुंडाळ्या उपटतात आणि भोकांत वाळू भरतात, म्हणजे मुळांना हवा मिळते. पंधरवड्यात ग्रीन भरून येतो. तो पंधरवडा सुपरिंटेंडंट मागच्या दाराने ये-जा करतो. ग्रीन उत्तम असले तर लोक म्हणतात, "इतके छान झालेत, आत्ताच कशाला भोकं?" वाईट असले तर म्हणतात, "आधीच ही दशा, त्यात भोकं!" भोके पाडायला योग्य वेळ कोणती, यावर शास्त्राचे आणि सभासदांचे एकमत कधीच झालेले नाही. हे काम बऱ्याच ठिकाणी सप्टेंबरात निघते. सुपरिंटेंडंटचे आभार मानण्याचा संघटनेने ठरवलेला दिवसही सप्टेंबरातच येतो.

एवढे सगळे निभवायचे तर शिक्षण हवेच. मॅसॅच्युसेट्सच्या कृषी महाविद्यालयाने १९२७ मध्ये ग्रीनकीपरांसाठी हिवाळी शाळा काढली. हिवाळी अशासाठी की त्या दिवसांत गवत बर्फाखाली असते आणि मास्तरांच्या तोंडावर त्याला काही सिद्ध करता येत नाही. पेन स्टेट, रटगर्स अशा विद्यापीठांत आता गवत या एकाच विषयावर पदव्या मिळतात. मुलाने गवताची पदवी घेतली हे आईबापांना नातेवाइकांत सांगताना थोडे थांबावे लागते. त्यानंतर संघटनेचे प्रमाणपत्र. ही योजना १९७१ पासून आहे. लेखी परीक्षा, आपल्या कामाचे पुरावे मांडणारी फाइल, शिवाय परीक्षक मैदानावर येऊन पाहणी करून जातात. उत्तीर्ण झाल्यावर नावापुढे चार अक्षरे लावता येतात. ती दर पाच वर्षांनी नव्याने कमवावी लागतात. गवत पाच वर्षांत बदलते का, हे विचारू नये; बुरशीचे नाव बदलते हे वर आलेच आहे.

दर हिवाळ्यात ऑर्लँडो किंवा सॅन डिएगोसारख्या उबदार गावी मोठे अधिवेशन भरते. माती, पाण्याचा निचरा, फवारणीचे कायदे, अंदाजपत्रक, मजुरांचा तुटवडा, अशा विषयांवर वर्ग असतात. बाहेरच्या दालनात नवी यंत्रे मांडलेली असतात. विकत घेणारे थोडे, बसून पाहणारे फार. चालकाविना गवत कापणारे यंत्र आले आहे. त्याच्याभोवती मंडळी जरा वेळ गप्प उभी राहतात. पहाटे पाचला येईल, दांडी मारणार नाही, आणि कमिटीसमोर खुलासाही करणार नाही. संध्याकाळी हॉटेलच्या आवारात काही गृहस्थ गुडघ्यांवर बसून हिरवळ खुरपताना दिसतात, तेही प्रतिनिधीच. हे लोक दुसऱ्याच्या मैदानावर खेळायला गेले की चेंडूपेक्षा खाली जास्त बघतात आणि तिथल्या ग्रीनबद्दल जे बोलतात ते ऐकून त्यांच्या क्लबातल्या सभासदांना घरच्यासारखे वाटेल.

वर्गांत अलीकडे सभासदांशी संवाद हा विषय हमखास असतो. अवघड शब्द टाळा, साध्या भाषेत सांगा, असे तिथे शिकवतात. शिकून परतलेला माणूस लगेच प्रयोग करतो.

"तो पिवळा डाग कसला?" सभासद विचारतात.

"बुरशी आहे. आटोक्यात येईल."

अर्ध्या तासात क्लबभर बातमी होते की ग्रीनवर बुरशी पसरली आहे, बूट बाहेर काढून आत यावे, आणि सौभाग्यवतींच्या मंगळवारच्या सामन्याचे आता काय. पुढच्या वेळी तोच प्रश्न आला की तो गंभीर चेहऱ्याने म्हणतो, "क्लॅरिरीडिया." सभासद मान डोलावतात, "वाटलंच मला," म्हणतात आणि पुढच्या होलकडे जातात. लॅटिनचा असा उपयोग कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत. तो अनुभवानेच येतो.

संघटना १९८३ पासून ओल्ड टॉम मॉरिसच्या नावाने पुरस्कार देते. गवत राखणाऱ्यांनी दिलेला हा पहिला पुरस्कार एका खेळाडूला, अरनॉल्ड पामरला मिळाला. त्याला घरचा आधार होता. पामरचे वडील पेनसिल्व्हेनियातल्या लॅट्रोब क्लबात मैदान राखत. कामगाराचा पोर म्हणून लहानपणी अरनॉल्डला तिथे सभासदांच्या बरोबरीने वावरायची मोकळीक नव्हती. मोठेपणी त्याने १९७१ मध्ये तो क्लबच विकत घेतला. ग्रीनबद्दलच्या तक्रारी मिटवण्याचा याहून खात्रीचा मार्ग अजून सापडलेला नाही, पण तो परीक्षेच्या अभ्यासक्रमात नाही, आणि सुपरिंटेंडंटच्या पगारात बसतही नाही.